बोया एम१ कॉलर माईक : बोलण्याच्या पेशात उतरणाऱ्यांनी आधी हा घ्यावा

निवेदन, सूत्रसंचालन, वृत्तवाचन, टीव्हीची बातमीदारी, जाहिरातींना आवाज देणं, एखाद्या संस्थेची बाजू कॅमेऱ्यासमोर मांडणं. कामं वेगवेगळी असली तरी तयारी एकच आहे. रोज बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि दुसऱ्या दिवशी परक्याच्या कानांनी ऐकायचं. त्यासाठी माईक कोणता घ्यावा असं विचारलं की बहुतेकदा गरजेच्या चौपट महाग वस्तू सुचवली जाते. आमचं मत सरळ आहे: बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा तारेचा कॉलर माईक घ्या. हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि सरावाचं पहिलं वर्ष त्यावर सहज निघतं. मात्र तो कुठे लावायचा, कशाला जोडायचा आणि कुठल्या कामाला न्यायचाच नाही, हे कळल्याशिवाय घेतला तर आठ दिवसांत खणात पडतो.

खोक्यात माईक, कपड्याला अडकवायचा चिमटा, माईकच्या डोक्यावर बसणारी स्पंजाची टोपी, एक एलआर४४ बटण सेल, मोठ्या भोकासाठी पाव इंची जोड आणि ठेवायला एक पिशवी असते. माईकचं डोकं वाटाण्याहून थोडं मोठं. तार तब्बल ६ मीटर, म्हणजे जवळपास वीस फूट. तारेत एक लांबट डबी ओवलेली आहे. सेल तिच्यात बसतो आणि खटकाही तिच्यावरच आहे.

निम्म्या तक्रारींचं मूळ या खटक्यात असतं. त्याच्या दोन जागा आहेत. एका बाजूला ‘ऑफ’ आणि ‘स्मार्टफोन’ हे दोन शब्द एकत्र लिहिलेले आहेत, दुसऱ्या बाजूला ‘कॅमेरा’. पहिल्यांदा हाताळणाऱ्याला वाटतं की ऑफ म्हणजे माईक बंद. तसं नाही. मोबाईलला जोडल्यावर माईकला लागणारी थोडीशी वीज मोबाईलच पुरवतो, सेलची गरज नसते, म्हणून सेल ऑफ आणि माईक चालू. खटका कॅमेऱ्याकडे सरकवला की सेल कामाला लागतो. कॅमेऱ्याचं काम आटोपल्यावर खटका तसाच राहिला तर सेल उतरत राहतो आणि पुढच्या वेळी आवाज बारीक, खरखरीत येतो किंवा येतच नाही. माईक बिघडला म्हणून परत करायला निघण्याआधी खटका बघा, मग सेल बदला. हा सेल घड्याळाच्या दुकानात कुठेही मिळतो.

प्लग ३.५ मिलिमीटरचा, चार कड्यांचा आहे, मोबाईलच्या माईकवाल्या इअरफोनला असतो तसाच. जुन्या पद्धतीचं गोल भोक असलेल्या मोबाईलला तो थेट चालतो. लॅपटॉपला इअरफोन आणि माईक यांसाठी मिळून एकच भोक असेल तर तिथेही चालतो. दोन वेगळी भोकं असलेल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र अडचण येते, कारण तिथलं माईकचं भोक तीन कड्यांच्या प्लगसाठी आहे. तिथे मध्ये जोड लागते.

हल्लीच्या बऱ्याच मोबाईलना गोल भोक नसतं, फक्त टाइप-सी असतं. त्यासाठी मिळणाऱ्या जोडण्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. काहींमध्ये आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते, काहींत नुसत्या तारा असतात. नुसत्या तारांची जोडणी ठरावीक मोबाईलवरच चालते. शिवाय काही जोडण्यांतून गाणी ऐकू येतात पण माईक आत पोचत नाही. दुकानात विचारताना ‘चिपवाली, माईक चालणारी’ असं स्पष्ट विचारा आणि स्वतःच्या मोबाईलवर लावून बघा.

लावून बघण्याची खात्रीची पद्धत अशी. मुद्रण सुरू करा. माईकच्या डोक्यावर नखाने हलकेच खरवडा. मग मोबाईलच्या खालच्या कडेवर, जिथे त्याचा स्वतःचा माईक असतो तिथे, तसंच खरवडा. आता ऐका. माईकवरचं खरवडणं मोठं यायला हवं आणि मोबाईलवरचं जवळजवळ ऐकू येता कामा नये. उलटं झालं तर माईक नुसता लटकलाय आणि मोबाईल स्वतःच्याच माईकवरून मुद्रण करतोय. कित्येक जण महिनाभर असा सराव करतात आणि ‘या माईकचा काही फरक जाणवत नाही’ म्हणतात. व्हिडिओसाठी ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत म्हणून बाहेरचा माईक निवडता येतो. तो निवडाच.

आता मुद्द्याचं: सरावासाठी हाच का?

मोबाईल हातात धरून बोललं की तोंडापासूनचं अंतर दर वाक्याला बदलतं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने पडते. मग वाक्याच्या शेवटी आवाज खाली गेला तो तुमच्यामुळे की हात हलल्यामुळे, हे कळतच नाही. मराठीत हा घोळ विशेष महागात पडतो, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिलेला’ इथवर स्पष्ट आलं आणि ‘नाही’ गिळलं, तर बातमीच उलटी झाली. कॉलर माईक छातीवर बसला की अंतर कायम राहतं. वाक्याचं शेपूट पडलं तर ते तुम्हीच पाडलंय, सबब सांगायला जागा उरत नाही.

दुसरं कारण त्याच्या जातीत आहे. हा माईक चहूबाजूंनी सारखं ऐकतो. एका दिशेने ऐकणाऱ्या स्टुडिओतल्या माईकजवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज फुगतो आणि कुणालाही आपला आवाज भारदस्त वाटायला लागतो. चहूबाजूंच्या माईकमध्ये हा फुगवटा येत नाही. कंपनी याचा पल्ला ६५ हर्ट्झ ते १८ किलोहर्ट्झ देते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो, बाईचा त्याहून बराच वर, तेव्हा बोलण्यातलं काहीही सुटत नाही. ऐकू येतो तो तुमचा रोजचा, न नटवलेला आवाज. पहिले चार दिवस तो ऐकवत नाही, पण काम त्याच्यावरच करायचं आहे.

लावायची जागा. हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर, छातीच्या मधोमध. फार वर, गळ्याशी लावला तर हनुवटीची सावली पडते आणि आवाज कोंदट होतो. मान खाली घालून कागद वाचलात तर आणखीच. फार खाली लावला तर खोली ऐकू यायला लागते. शर्टाला बटणांच्या पट्टीवर, दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मध्ये. कुर्त्याची पट्टी मऊ असेल तर माईकच्या वजनाने ती पुढे वाकते, तेव्हा आतून कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावून तिला ताठपणा द्या. साडीवर पदराला कधीही लावू नका, पदर सरकला की माईकही सरकतो आणि वर घसघस येते. ब्लाउजच्या गळ्याच्या कडेला, ज्या बाजूला पाहुण्याकडे किंवा कॅमेऱ्याकडे वळणार त्या बाजूला लावा. मंगळसूत्र, लांब हार, ओळखपत्राची दोरी माईकवर आपटते. तो टकटक आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. रेशीम आणि कडक खळीचा सुती कपडा सर्वांत जास्त वाजतो. लांब दाढी असेल तर माईक दोन बोटं आणखी खाली.

माईकजवळ तारेचा एक लहान वेढा करून तो चिमट्यातच अडकवा. तारेला हिसका बसला तर तो वेढ्यातच जिरतो. आणखी एक युक्ती, जी चहूबाजूंच्या माईकलाच चालते: माईकचं तोंड खाली करून लावा. आवाजात फरक पडत नाही, पण नाकातून खाली येणारा श्वास आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’चा झोत चुकतो. स्पंजाची टोपी घरातही काढू नका.

खोलीचं म्हणाल तर चहूबाजूंनी ऐकणारा माईक कुकरची शिट्टीही ऐकतो, पंखाही, खालच्या मजल्यावरची मोटारही. पंखा बंद करायलाच हवा. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी ठेवा आणि समोर, जिकडे आवाज जाऊन आदळतो तिकडे, गोधडी किंवा जाड चादर टांगा. चार बाय चारच्या कोपऱ्यात दोन गोधड्यांनी जे साधतं ते अंड्यांच्या पुठ्ठ्यांनी साधत नाही, ते पुठ्ठे आवाज अडवायला फारच पातळ आहेत. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन मुद्रण तुटतं. लॅपटॉपवर सतत ‘गूं’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून पुन्हा मुद्रण करा. घरच्या विजेची ती ५० हर्ट्झची गुणगुण असते आणि बहुतेकदा चार्जर काढताच जाते.

पातळी किती ठेवायची? बोलताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. फाइल वेव्ह (डब्ल्यूएव्ही) स्वरूपात, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते, दहा मिनिटांच्या बातमीपत्राला ५० एमबीच्या जरा वर. व्हिडिओसोबत जोडायची असेल तर ४८,००० हर्ट्झ. कुणाला ऐकायला पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला ऑडिओ दाबला जाऊ शकतो, आणि मग गुरुजींनी ‘स’ बोथट आहे म्हटलं तरी तो तुमचा की दाबलेल्या फाइलचा, याचा पत्ता लागत नाही.

ऐकायला आणि कापायला ऑडॅसिटी पुरेसं आहे. २००० साली पहिल्यांदा बाहेर आलेलं हे सॉफ्टवेअर आजही मोफत आहे. सरावाच्या फाइलवर मात्र त्यातला एकही इफेक्ट लावू नका. खोड लपवली की ती सुधारायची राहून जाते. कुणाला नमुना पाठवायचा असेल तेव्हाच ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावा, म्हणजे खालची घरघर जाईल. मग नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणं. त्यासाठी मुद्रणाच्या सुरुवातीला १० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित केलेली हवी. त्या तुकड्यावरून गोंगाटाचा नमुना घ्यायचा आणि घट ६ ते १२ डेसिबलच्या पलीकडे न्यायची नाही. वीस-पंचवीसवर नेलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, आणि नमुने ऐकणाऱ्या माणसाला ते पहिल्या वाक्यात कळतं. शेवटी नॉर्मलाइझ करून कमाल पातळी उणे ३ डेसिबल. एवढंच.

या माईकवर नक्की काय ऐकायचं

मराठीत बोलणाऱ्याची पारख ज्या अक्षरांवर होते ती मोबाईलच्या माईकवर धूसर येतात, इथे उघडी पडतात. आकाशवाणीच्या हंगामी निवेदकांच्या निवडीत लेखी परीक्षेसोबत आवाजाची चाचणी असते. तिथे समोर आलेला मजकूर नीट वाचता येतो का हे पाहतात, आणि नीट वाचण्यात पुढचं सगळं येतं.

पहिला ‘च’, ‘ज’, ‘झ’. लिहिताना एक, बोलताना दोन. ‘चंद्र’मधला च तालव्य, ‘चांदणं’मधला दाताशी. ‘पाच’मधला दाताशी, ‘पंचवीस’मधला तालव्य. ‘जहाज’ या एकाच शब्दात दोन्ही ज येतात, आधी तालव्य, मग दाताचा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, कागदावर फरक नाही, कानाला आहे. म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आणि ‘थोडं’ या अर्थाचं ‘जरा’ यांचंही तेच. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांचे आणि हिंदी वाहिन्या फार ऐकणाऱ्यांचे दाताचे च-ज हळूहळू तालव्य होत जातात आणि बोलणाऱ्याला ते जाणवतही नाही. हे शब्द जोडीजोडीने मुद्रित करा आणि डोळे मिटून ऐका.

दुसरे ‘ण’ आणि ‘ळ’. ‘पाणी’, ‘आणि’, ‘कोण’, ‘टिळक’, ‘नळ’, ‘वादळ’. बोलीत ‘पानी’ म्हणणं हा दोष नाही. गावाकडची मुलाखत घेताना समोरच्याची बोली जपावी आणि आपणही थोडी सैल करावी. पण बातमीपत्र वाचताना ‘ण’ हवाच. हवं तेव्हा बोलीतून प्रमाण भाषेत आणि उलट जाता येणं ही या पेशातली मोठी कमाई आहे, म्हणून दोन्ही मुद्रित करा.

तिसरा ‘फ’. ‘फळ’, ‘फार’, ‘फक्त’ यांत ओठ मिटून सुटतात. खालचा ओठ वरच्या दातांना लागला की तो इंग्रजीतला फ होतो. या माईकवर तो वेगळा ओळखू येतो, कारण ओठांचा झोत ‘भप्’ असा आदळतो आणि दातांचा ‘फस्स’ असा घसरतो. झोत तपासायला एक वाक्य पुरे: ‘पुण्यात पत्रकार परिषदेत पालकमंत्र्यांनी पाणीप्रश्नावर भाष्य केलं.’ प्रत्येक ‘प’ला धप्प आवाज आला तर माईक उलटा करा. तरीही आला तर प उच्चारताना पोटातून जास्त हवा सुटतेय. तळहात तोंडासमोर धरून, हवा लागणार नाही असा प काढायचा सराव करा.

चौथे ‘स’, ‘श’, ‘ष’. ‘सहा सशस्त्र सैनिक शनिवारी सकाळी साताऱ्याहून निघाले’ हे वाक्य एका श्वासात वाचा. शिट्टी येत असेल तर ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडा. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पांढरे झगझगीत खांब दिसतील. जीभ दातांपासून केसभर मागे घेतली की ते खांब फिके होतात. डोळ्यांनी दिसल्यामुळे ही दुरुस्ती लवकर होते.

आकड्यांवर वेगळी दहा मिनिटं काढा. ‘१,२७,४५०’ हे अडखळल्याशिवाय ‘एक लाख सत्तावीस हजार चारशे पन्नास’ असं यायला हवं. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेपन्न-त्रेसष्ट, सत्त्याऐंशी-सत्त्याण्णव या जोड्यांवर भलेभले अडकतात. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी अडकलात तर सावरायला वेळ मिळत नाही.

वेगासाठी मजकुरातले शब्द मोजा आणि लागलेल्या मिनिटांनी भागा. बातम्यांसाठी मिनिटाला ११० ते १३० शब्द हा पल्ला धरून सराव करावा. जोडाक्षरांनी भरलेली सरकारी बातमी असेल तर खालच्या टोकाला. आकाशवाणी पुणे केंद्राच्या सुधा नरवणे किंवा मुंबई दूरदर्शनचे प्रदीप भिडे यांचं वाचन ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की आवाज न चढवताही बातमीला वजन येतं. त्यांच्यासारखा आवाज काढायचा नाही. ते कुठे थांबतात, क्रियापदावर आवाज कसा टेकवतात, एवढं उचलायचं.

रोजच्या अर्ध्या तासाची मांडणी अशी ठेवली तर माईकचा पुरता उपयोग होतो. आधी १० सेकंद शांतता. मग वरची ‘प’ची आणि ‘स’ची दोन वाक्यं, रोज तीच, म्हणजे महिन्याभराने पहिल्या दिवसाशी तुलना करता येते. मग त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली एक बातमी दोन मिनिटं वाचा. लगेच कागद पालथा घालून तीच बातमी एका मिनिटात सांगा. या दुसऱ्या भागात खरी तयारी होते, कारण पीटूसी (कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगणं) असो की लाइव्ह, कागद हातात नसतो. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘या ठिकाणी’ किती वेळा आलं ते दुसऱ्या दिवशी ऐकताना कागदावर रेघा मारून मोजा. ‘या ठिकाणी आपण पाहू शकता’ हे वाहिन्यांवरचं पालुपद उमेदवारांच्या तोंडी फार लवकर बसतं आणि निघता निघत नाही. फाइलला तारखेचं नाव द्या. ऐकायला तारेचे इअरफोन वापरा, मोबाईलच्या स्पीकरवर खर्जही कळत नाही आणि श्वासही.

कॅमेऱ्यासमोरच्या सरावाला सहा मीटर तार फार कामाची. मोबाईल तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) दोन-अडीच मीटर लांब ठेवून कमरेपासून वरची चौकट घेता येते आणि आवाज तरीही छातीवरून येतो. तार शर्टाच्या आतून घेऊन कमरेवर अडकवा, उरलेली तार मागून जमिनीवर सोडा आणि तिकाटण्याच्या पायाला एक वेढा देऊन मग मोबाईलला जोडा. तो वेढा विसरलात आणि तारेत पाय अडकला तर मोबाईल आधी खाली येतो. मुद्रण चालू असताना इअरफोनवर ऐकण्याची सोय मात्र या माईकमध्ये नाही, तेव्हा २० सेकंदांचं चाचणी मुद्रण करून, तार काढून, ऐकून मगच खरं मुद्रण सुरू करा. ही सोय हवी असेल तर याच घरातल्या एम१ प्रोमध्ये ऐकण्यासाठी वेगळं भोक आहे.

आता उणिवा. चिमटा हा या माईकचा सर्वांत नाजूक भाग, जाड जॅकेटवर ताणला तर तो आधी हार मानतो. दुसरा चिमटा स्वस्तात मिळतो, एक जास्तीचा जवळ ठेवा. सहा मीटर तार घरात पायात येते. मुख्य म्हणजे बाहेरच्या बातमीदारीसाठी हा माईक नाही. मोर्चात, बाजारपेठेत, एसटी स्टँडवर तो तुमच्याइतकाच कर्णाही ऐकेल. तिथे हातात धरायचा, समोरून ऐकणारा बूम माईकच हवा, जो तोंडाजवळ नेता येतो आणि एका बाइटनंतर (छोट्या प्रतिक्रियेनंतर) दुसऱ्या माणसाकडे फिरवता येतो. पत्रकारांच्या गराड्यात कॉलर माईक लावायला कुणी अर्धा मिनिट थांबत नाही. वाऱ्यासाठी दिलेली टोपीही घरातल्या श्वासापुरतीच आहे. मरीन ड्राइव्हवर किंवा सिंहगडावर केसाळ टोपी लागते, तीही वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर.

शांत घरात बसून घेतलेल्या एकट्या माणसाच्या मुलाखतीला मात्र तो उत्तम. अशा वेळी माईक पाहुण्याला लावा, स्वतःला नाही. तुमचे प्रश्न दुरून आले तरी चालतात, त्याचं उत्तर पुन्हा मिळत नाही.

जाहिरातीचं किंवा पुस्तकवाचनाचं पैशाचं काम मिळायला लागलं की माईक बदलावा लागेल. बोलकी पुस्तकं (ऑडिओबुक) काढणाऱ्या मोठ्या परदेशी व्यासपीठाचा, एसीएक्सचा, निकष असा आहे की मागची शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये आणि कमाल उणे ३ च्या वर नको. घरातल्या साध्या खोलीत चहूबाजूंच्या माईकवर ती पहिली अट सहसा पुरी होत नाही. पण तिथेही आधी खोली सुधारा, माईक नंतर.

झूम एच१एन घ्यावा का, असा प्रश्न येतो. तो माईक नव्हे, स्वतंत्र मुद्रणयंत्र आहे. दोन एएए सेल, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, डोक्यावर ९० अंशांत दोन माईक, आणि बाहेरचा माईक जोडायला भोक. रेडिओसाठी वृत्तान्त करणाऱ्याला, सभा-व्याख्यानं मुद्रित करणाऱ्याला तो रास्त आहे, कारण मोबाईल मोकळा राहतो आणि फोन आला म्हणून मुद्रण तुटत नाही. पण तो हातात धरला तर अंगावर फिरणाऱ्या बोटांचाही आवाज येतो आणि किंमत एम१च्या कितीतरी पट आहे. सरावाच्या पहिल्या वर्षात त्याची गरज नाही. बिनतारी कॉलर माईक चालत-फिरत काम करणाऱ्यांसाठी सोयीचे आहेत, पण त्यांची बॅटरी, जोडणी आणि तुटणारा सिग्नल हे तीन प्रश्न सरावाच्या खोलीत विकत आणण्यात अर्थ नाही. शिवाय त्यांतले बरेच गोंगाट आपोआप काढतात, आणि सरावात तीच गोष्ट नको आहे.

घेताना कॅमेऱ्याच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. या माईकच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि खोक्यावरून ओळखणं कठीण. निम्म्या किमतीत मिळाला तर संशय धरा. पैसे देण्याआधी स्वतःच्या मोबाईलवर नखाची चाचणी करा. मग प्लग भोकात हळूच फिरवा, कडकड आवाज आला तर दुसरा नग मागा. खटका कॅमेऱ्याकडे नेऊन सेलवर चालतो का तेही दुकानाच्या कॅमेऱ्यावर बघून घ्या.

घरी आणल्यावर तार डबीभोवती गुंडाळू नका. तार तुटते ती बहुतेकदा प्लगच्या आणि डबीच्या तोंडाशी, जिथे तिला वारंवार तीच मुरड पडते. वीतभर व्यासाचे सैल वेढे, एक सरळ आणि एक उलटा असे घालत जा, म्हणजे तारेला पीळ बसत नाही. वर कापडी पट्टी बांधा. माईक महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा.